शंकरअण्णांचा गार दगड

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "कल्लक्का, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा की यंदा." मला पहिला संशय आला तो असा, की कुणीतरी कबूल केलेला लेख दिलेला नाही आणि आता पानं भरायची आहेत. तसं तोंडावर विचारलं, तर गृहस्थ बिस्किटाकडे बघत हसले. म्हणजे खरंच होतं. माझे संशय बहुतेक वेळा खरे निघतात, आणि त्यामुळेच ही खोड कधी मोडली नाही.

कल्लक्का हे माझं नाव नव्हे. कल्लु म्हणजे कन्नडमध्ये दगड. बेंगळुरूच्या एका विज्ञान संग्रहालयात मी सगळी नोकरी दगड तपासण्यात काढली, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची मी दगडवाली अक्का. "हा आकाशातून पडला" असं सांगत लोक दगड घेऊन यायचे, आणि तो खरंच वरून आलाय का हे सांगणं हे माझं काम. आकाशात दिसते ती चमकती रेघ म्हणजे उल्का. त्यातला जो न जळता जमिनीवर पोचतो तो अशनी. लोक दोन्हीला उल्काच म्हणतात, त्यावरून मी कधी भांडले नाही. भांडायला इतर पुष्कळ कारणं होती.

माझे वडील बेळगावला पोस्टात होते. ते म्हणायचे, "विश्वास? तो तर पानिपतात गेला." हे वाक्य त्यांनी मला वारशात दिलं आणि नोकरीत ते फार उपयोगी पडलं, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या शंभर दगडांतले शंभर खोटे असायचे. खोटं बोलणारी माणसं थोडीच, पण मनाची समजूत करून घेतलेली भरपूर. चिकपेटातले एक हार्डवेअरचे व्यापारी एकदा वाटोळा गरगरीत लोखंडी गोळा घेऊन आले. गोदामात सापडला, म्हणून आकाशातून पडला. त्याला हार घातलेला. मी म्हटलं, "अण्णा, हा सिमेंटच्या कारखान्यात दगड दळायला वापरतात तो पोलादी गोळा आहे." ते म्हणाले, "बरोबर आहे, पण तो वरून पडला." आता वरून म्हणजे फळीवरून पडला असेल, तर त्याला माझी ना नाही.

आणखी एक मारतहळ्ळीचा आयटीतला मुलगा, पुण्याचा. साखरपुड्याच्या अंगठीत बसवायला त्याने इंटरनेटवरून 'सेरेसचा तुकडा' मागवला होता.

"मॅम, सर्टिफिकेट आहे ना सोबत! होलोग्राम पण आहे."

"बाळा, सेरेसवरून आजपर्यंत कुणी चिमूटभर माती आणलेली नाही. तुझा होलोग्रामवाला जाऊन आला का?"

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. ग्रह होता होता राहून गेलेला माल. सिनेमात दाखवतात तशी तिथे दगडांची दाटी मुळीच नाही. एका दगडावर उभं राहिलं तर शेजारचा दगड बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसायचाही नाही, इतकी सामसूम. त्यातला सगळ्यात मोठा तो सेरेस. सापडला तेव्हा ग्रह म्हणाले, मग लघुग्रह म्हणाले, आता बटुग्रह म्हणतात. बटुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या वजनाने गोल झालेला, पण आपली वाट एकट्याची करून घेता न आलेला. पोराचा तुकडा काचेचा निघाला. "तिला सांगू नका प्लीज," म्हणाला. ती कोण, तिचा नंबर काय, हे मला कुठे ठाऊक होतं? पण त्याचा चेहरा पाहून मीही शपथ घेतल्यासारखी मान डोलावली.

आता मूळ गोष्ट. ती हसण्यासारखी नाही.

ज्या वर्षी प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत बसवलं, त्या वर्षीची. आमचा फोन दिवसभर खणखणत होता. जयनगरचे एक निवृत्त मास्तर रोज फोन करून विचारायचे, "चाळीस वर्षं मी मुलांना नऊ ग्रह शिकवले, ते खोटं शिकवलं का?" मी काय सांगणार कपाळ! एक ज्योतिषी विचारत होते की प्लुटोची दशा आता अर्धी धरायची का. मी पार वैतागलेली, आणि त्या वैतागात शंकरअण्णा आले.

पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोटांच्या पेरांत न निघणारा काळेपणा. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतशाळेत फिटर. मूळ निपाणीजवळच्या एका खेड्यातले. मराठी ऐकून मी बोलू लागले, तशी त्यांनी पिशवीतून नारळाएवढा दगड काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला.

"अक्का, हा आमच्या खळ्यावर पडला. दुपारचा. मी रजेवर गेलो होतो. तंबाखू वाळत घातलेली, राखणीला मी एकटाच. घरघर आवाज आला आणि धप्पदिशी पडला."

दुसरं कुणी बघितलं? नाही, बाकी सगळे जेवून लवंडलेले. एकटा साक्षीदार म्हटला की माझ्या डोक्यात घंटा वाजते. शिवाय ओतशाळेतला माणूस. लोखंड वितळलं की वर मळी येते, ती थिजून काळाकुट्ट जड दगड होतो. कामगार त्याला स्लॅग म्हणतात. उल्का म्हणून आमच्याकडे येणारा निम्मा माल तोच.

मी दगड उचलला. जड होता, आकाराच्या मानाने फार जड. पण खऱ्या अशनीवर काळी पातळ साल असते, हवेतून येताना वरचा थर वितळून झालेली. इथे ती नव्हती. उलट दगडावर तारेच्या ब्रशाच्या रेघा होत्या, मशीनवर घासलेल्या.

"हा कुणी घासला?"

अण्णा ओशाळले. "मीच. घरच्यांनी देव म्हणून शेंदूर फासला होता. तुम्हा शास्त्राच्या माणसांपुढे शेंदूर लावलेला धोंडा कसा आणायचा? म्हणून कंपनीतल्या व्हीलवर साफ केला."

झालं! पुरावा होता तो यानेच घासून टाकला. मला वाटलं, मुद्दामच घासला असेल. मग मी माझा हुकमी सापळा लावला. थापाड्या माणूस हमखास सांगतो की दगड पेटलेला होता, लालभडक, हात भाजला, गवत जळलं. प्रत्यक्षात तसं नसतं. अशनीचा आतला भाग अवकाशातल्या थंडीतून आलेला असतो, वरची तापलेली साल खाली येईपर्यंत निवते, आणि हातात घेतला तर गार लागतो. हे पुस्तकं वाचल्याशिवाय सहसा कुणाला ठाऊक नसतं.

"उचललात तेव्हा केवढा गरम होता हो?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"गरम? नाही अक्का. गारच होता. मलाही नवल वाटलं."

वाचकहो, तिथे मी थांबायला हवं होतं. हा माणूस खरं बोलतोय याची याहून मोठी खूण दुसरी नव्हती. पण माझ्या मनाने काय केलं? म्हणालं, अरे वा, हा तर वाचून, तयारी करून आलाय! चुकीचं उत्तर दिलं असतं तर खोटा ठरला असता, आणि बरोबर उत्तर दिलं म्हणून पक्का खोटा ठरला. या टेबलावर बसून बसून माझी अशी गत झाली होती.

मग चुंबक. आमच्याकडे एका जुन्या स्पीकरातून काढलेलं जबरदस्त चुंबक होतं, त्याचा मला भारी अभिमान. अशनीत लोखंड असतं, म्हणून आलेला प्रत्येक दगड मी त्याला लावायची. शंकरअण्णांच्या दगडाला ते खाट्कन चिकटलं. सगळीकडून फिरवून पाहिलं, सगळीकडे चिकटलं. पण काही स्लॅगलाही चिकटतं, असं मी मनाला सांगितलं. स्लॅगमध्ये हवेचे बुडबुडे असतात. इथे एकही नव्हता. एक बारीकसा खळगा होता, त्यालाच मी बुडबुडा ठरवला. आज हे लिहिताना लाज वाटते.

"कापून बघू का? आत काय ते लगेच कळेल."

अण्णांनी दगडावर हात ठेवला. "कापायला नको, अक्का. घरचा देव आहे. बायकोला काय सांगू?"

म्हणजे कापू देत नाही. चोराच्या मनात चांदणं, असं मी त्यांच्याबद्दल मनात म्हणाले. पांढऱ्या कागदाच्या अर्ध्या तावावर लिहिलं: 'सदर नमुना अशनी नाही. ओतशाळेतील स्लॅग.' खाली सही, संग्रहालयाचा शिक्का. अण्णांनी ते दोनदा वाचलं. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. "सरी, अक्का," कन्नडमधलं 'बरं', एवढंच म्हणाले, दगड पिशवीत ठेवला आणि गेले. मी पुढचा फोन उचलला. मास्तरच होते.

त्यानंतर मी रिटायर झाले. जयनगरात राहते, सकाळी चालते, भाजीवाल्याचा तराजू तपासते. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, हिरवी सुती साडी, कुंकू नाही. वाण घेईनात, दुसऱ्या बायकांकडे बघेनात, नुसत्या माझ्याकडे बघत.

"दगडवाल्या बाई तुमीच न्हवं? मी शंकर फिटरची मंडळी. सुमन."

मला काही आठवेना. त्यांनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद काढला. माझंच अक्षर, माझीच सही.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. मांडीवर पिशवी. बाहेर चोरीला जातील म्हणून चपला आत कोपऱ्यात ठेवल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. सांगत गेल्या ते असं. दगड पडल्यावर गावातले लोक दर्शनाला येऊ लागले, नारळ फुटू लागले. खळं दोघा भावांचं. थोरले दीर, बाळूअण्णा, म्हणाले, "शंकऱ्यानं कारखान्यातनं धोंडा आणून टाकला, देव बसवून खळं गिळायला." शंकरअण्णा म्हणाले, मी बेंगळुरात शास्त्रवाल्यांकडून कागद आणतो, मग बघा. आणि मी त्यांना कागद दिला तो असा, की धोंडा कारखान्यातलाच आहे.

"मग त्यांनी तो कागद लपवला का नाही?" मी विचारलं.

"लपवायचा कशाला? सोता भावापुढं नेऊन ठेवला. बाळूभावजींनी भावकीत वाचून दाखवला. हे पुन्यांदा गावाला गेलेच न्हाईत. तीन वर्सं झाली जाऊन."

गाव म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि माणूस बारा-पंधरा वर्षं तिकडे फिरकला नाही, आणि मेला. माझ्या अर्ध्या तावामुळे. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा सुमनक्कांनी पिशवीतून दगड काढला होता. दोन तुकडे. घराला रंग देताना देवघरातून पडला, खाली जुना पाटा होता त्यावर. "आत बगा, मोहरीगत काय हाय. स्लॅगमधी असं असतंय का, म्हटलं इचारावं. का आता बी खोटंच म्हणणार?"

मी भिंग काढलं. तुटलेल्या तोंडावर करड्या रंगात गच्च बसलेले बारीक गोल दाणे, आणि मधूनमधून चकाकणारे लोखंडाचे ठिपके. असले दाणे पृथ्वीवरच्या कुठल्याच दगडात नसतात, कुठल्याच भट्टीत होत नाहीत. ग्रह बनायच्याही आधी, सूर्याभोवती नुसती धूळ फिरत होती तेव्हा तिचे थेंब थिजून झालेले ते दाणे. मी सगळी नोकरी जो दगड टेबलावर येण्याची वाट पाहत होते, तो आला होता, आणि मी त्याला हाकलला होता.

एका संशोधन संस्थेत माझ्या ओळखीची एक तरुण शास्त्रज्ञ आहे, अनघा. नागपूरची. तिला फोन केला. "दगड ठेवून जा, दोन दिवसांत सांगते," ती म्हणाली. सुमनक्का म्हणाल्या, "दगड माझ्या मांडीवरनं हलायचा न्हाई. एकदा दिला होता इस्वासानं." मग आम्ही दोघी रिक्षाने गेलो. रिक्षावाल्याने पिशवीत काय आहे विचारलं, तर त्याच्याकडेही त्यांनी असं बघितलं की तो गप्प झाला. माझ्यापेक्षा संशयी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तशी ती माझ्यामुळेच झाली होती.

अनघाने त्यांच्यासमोरच नखाएवढा कपचा काढून तपासला. अशनीच. पट्ट्यातल्या कुठल्या तरी लघुग्रहाचा, टकरीत उडालेला. पण नंतर ती म्हणाली, "काकू, एक विचारू? याला कुणी मॅग्नेट लावला होता का? स्ट्राँग?"

"मी. का?"

"असे दगड तयार होताना आजूबाजूचं चुंबकत्व स्वतःत साठवतात. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचं. आपण ते वाचू शकतो. पण मॅग्नेट लावला की सगळं पुसून त्या मॅग्नेटचंच उमटतं. हा पूर्ण पुसलाय. म्हणून आम्ही आता सगळ्यांना सांगतो, मॅग्नेट अजिबात नको."

सुमनक्कांनी मला विचारलं, "काय म्हणतीया पोरगी?"

सांगावंच लागलं. दगडाला जन्मापासूनची आठवण होती, ती मी खोटं शोधण्याच्या नादात पुसली. आणि हा एकच नाही. माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक दगडावर मी ते चुंबक मोठ्या दिमाखात फिरवलं होतं.

परतीच्या वाटेवर सुमनक्कांनी पिशवी उघडून दगड एकदा बघितला. मग त्यांनीच विचारलं, "ह्यो आला तरी कुठनं? लांबनं?" त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी सांगू लागले. आपली आकाशगंगा म्हणजे बेंगळुरू धरा. चिकपेट मध्यावर, तिथे ताऱ्यांची खच्चून गर्दी. आपला सूर्य तिकडे नाही, आणि शहराच्या टोकालाही नाही. अर्ध्या वाटेवर, जयनगरात. तिथून तो सगळ्या ग्रहांना, पट्ट्यातल्या दगडांना घेऊन चिकपेटाभोवती फिरतो. एका फेरीला वीस-बावीस कोटी वर्षं. "हा दगड झाल्यापासून त्याच्या वीसेक प्रदक्षिणा झाल्या असतील."

सुमनक्कांनी पिशवी छातीशी ओढली. "वीस परदक्षिणा घालून आमच्या खळ्यावर आला, आन् तुमच्या टेबलावर खोटा ठरला व्हय?"

रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरी आल्यावर त्यांनी तोच जुना कागद टेबलावर ठेवला, उलटा करून. "ह्याच्या मागंच लिवा. दुसरा कागद नको. बाळूभावजी ऐंशीच्या घरात हायत. त्यांनी वाचला तोच कागद त्यांच्या हातात द्यायचाय."

मी म्हटलं, अनघाच्या संस्थेचा रिपोर्ट येईल, छापील. त्या म्हणाल्या, "तो बी नीन. पर खोटं तुमी लिवलं होतंसा."

मी लिहिलं: 'हा दगड अशनी आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून आलेला. मागील बाजूचा माझा निर्णय चुकीचा होता.' सही केली. सुमनक्कांनी मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. त्यांनी मान हलवली.

"हे दगडाचं झालं. माणसाचं कुठं हाय ह्यात?"

"माणसाचं काय लिहू, सुमनक्का?"

"मला काय ठावं? ते घरी आल्यावर एवढंच म्हणाले, बाई नीट बघणारी हाय, कधीतरी पुन्यांदा बघंल, कागद जपून ठेव. म्हणून ठेवला. न्हाईतर चुलीत घातला असता."

मग मात्र माझा बांध फुटला. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईवर त्या माणसाने विश्वास ठेवला होता, तोही तिने खोटं ठरवल्यावर. डोळे पुसून मी सहीच्या खाली आणखी लिहिलं: 'दगड पडला तेव्हा हाताला गार लागला, असं शंकरअण्णांनी मला समोर बसून सांगितलं होतं. खोटं बोलणारा माणूस असं सांगत नाही. ते खरं बोलत होते आणि मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.' पुन्हा सही केली. संग्रहालयाचा शिक्का आता माझ्याकडे नव्हता.

सुमनक्कांनी शब्दाशब्दावर बोट ठेवत स्वतः वाचलं. "सरी, अक्का," म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला अक्का म्हणाल्या, आणि जाताना चहा घेतला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, गावाहून. मागे कोंबड्यांचा आवाज. "कागद वाचला भावजींनी. नातवाकडनं दोनदा वाचून घेतला."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. दगडावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, 'गारच हाय की गं सुमन.' आन् लई रडले."

फोन ठेवला आणि सवयीने मनात आलंच, की ऐंशीच्या घरातला तो हेकट म्हातारा खरंच असं म्हणाला असेल, की सुमनक्का माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगताहेत? त्या भागात माझ्या माहेरच्या ओळखीची माणसं आहेत, एक फोन केला तर कळलं असतं. फोन हातातच होता.

नाही केला.